चौथी दुर्बीण

“हीही नको,” मार्व्हा म्हणाली आणि दुर्बिणीवरून डोळा काढला.

ही चौथी. हार्लनने वैतागून वर पाहिलं. भिंतीवर एका एल्क हरणाचं मुंडकं टांगलेलं होतं आणि तेही कंटाळलेलं दिसत होतं. सकाळपासून दोघं नवराबायको ड्वेनच्या बंदुकांच्या दुकानात उभी होती. एका डोळ्याने बघायची, तीन पायांच्या स्टँडवर लावायची एक दुर्बीण घ्यायची, एवढं साधं काम. पहिली मार्व्हाला जड वाटली. दुसरीत मान वाकडी करून बघावं लागतं म्हणे. तिसरीत कडेला जांभळट रंग दिसतो.

“आणि हिला काय झालं?” हार्लनने विचारलं.

“फारच स्पष्ट दिसतं.”

ड्वेनने हातातला फडका खाली ठेवला. “काकू, इतकी वर्षं दुकान चालवतोय. ही तक्रार आज पहिल्यांदा ऐकली.”

“डोळ्याला त्रास होतो रे,” ती म्हणाली. “आमची जुनी काय वाईट आहे?”

जुनी! जुनीच्या काचेत कधीच ओल शिरली होती. हार्लनला तिच्यातून धुक्याशिवाय काही दिसत नसे. मार्व्हाला मात्र दिसायचं. माझ्या डोळ्याला सवय आहे, म्हणायची. दर शनिवारी नेमबाजीच्या मैदानावर तो टेबलाशी बसून गोळी झाडायचा आणि ती शेजारी जुन्या दुर्बिणीला डोळा लावून सांगायची, “नऊ. दहा. दहा, बरोबर मधे.” गुडघ्यामुळे त्याला तीनशे यार्ड चालत जाणं जमत नसे. निशाणाचे कागद तीच जाऊन बदलायची आणि घरी आल्यावर चुलीत घालायची. कागद बघायची त्याला कधी गरजच वाटली नाही. मार्व्हाने सांगितलं म्हणजे झालं.

पण मैदान वेगळं आणि डोंगर वेगळा. यंदा शिकारीच्या परवान्यांच्या सोडतीत त्याचं नाव निघालं होतं. मोठ्या शिंगांचा रानमेंढा! त्या एका परवान्यासाठी मोंटानातली माणसं विशीत अर्ज करायला लागतात आणि बहुतेक जण अर्ज करता करताच मरतात. बातमी आली तेव्हा मार्व्हा घराच्या पायरीवर बसून हमसून हमसून रडली होती. बायकोचा एवढा जीव आपल्या मेंढ्यात अडकलाय, हे हार्लनला चाळीस वर्षांच्या संसारात ठाऊकच नव्हतं. त्याआधीच्या हिवाळ्यात मेंदूचा झटका येऊन गेल्यापासून त्याचा उजवा हात थरथरायचा. मार्व्हाचे नऊ-दहा ऐकून तीही काळजी मिटली होती. आता राहिली होती फक्त दुर्बीण. समोरच्या कड्यावरचा मेंढा तरुण की म्हातारा, हे शिंगं नीट न्याहाळून ठरवायचं आणि मग एकच गोळी. जनावर जखमी करून सोडणाऱ्याला हार्लन माणसात मोजत नसे.

आणि ही बाई म्हणते, फारच स्पष्ट दिसतं!

“बांध रे ही,” तो ड्वेनला म्हणाला.

“हार्लन, ऐक ना जरा...”

“सकाळपासून तेच करतोय. बूट घेताना तू एवढे नखरे करत नाहीस, मार्व्हा!”

दुपारी मैदानावर जायला ती तयारच नव्हती. वारा आहे म्हणाली. डोकं दुखतंय म्हणाली. शेवटी गेली, नवा कागद लावून आली आणि पुन्हा आपलं जुनं धुकंच टेबलावर मांडून बसली.

“ती नवी राहू दे गाडीत. केवढी जड आहे! डोंगरावर कोण वाहून नेणार?”

“मी नेईन. तुला नाही सांगत.” हार्लनने नवी दुर्बीण आणली, धुसफुसत स्टँडवर बसवली आणि बंदुकीशी बसला. तीन गोळ्या झाडल्या.

“नऊ,” मार्व्हा सांगत गेली. “दहा. दहा, बरोबर मधे.”

तो खुशीत नव्या दुर्बिणीवर वाकला.

कागद कोरा होता.

त्याने काच पुसली. पुन्हा डोळा लावला. कागदाच्या कोपऱ्यातली टाचणी दिसली. काळ्या वर्तुळावर एक माशी बसली होती, तीही दिसली. भोक एकही नव्हतं. कागद लावलेल्या चौकटीच्या लाकडी पायांची मात्र चाळणी झाली होती. कागद चुलीत घालता येतात, मैदानात रोवलेली चौकट कुठे घालणार?

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळा उन्हाळाभर! दर शनिवारी! ओरडायला म्हणून त्याने मान वर केली.

मार्व्हाचा डोळा अजून जुन्या दुर्बिणीलाच चिकटलेला होता. खांदे आक्रसलेले होते आणि दोन्ही हातांनी तिने टेबलाची कड घट्ट धरली होती. तिथून तिला काहीच दिसत नव्हतं. कधीच दिसलं नव्हतं. पायरीवरचं ते रडणं हार्लनला आता कळलं.

“काय दिसतंय?” तिने मान न वळवता विचारलं.

उजवा हात त्याने मांडीवर ठेवला. तो तिथेही थरथरतच होता.

“दहा,” तो म्हणाला. “बरोबर मधे.”

तिने हळूहळू मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तो बंदुकीतली राहिलेली काडतुसं काढत होता.

“पण मघाशी चुकलंच तुझं, मार्व्हा. दुर्बीण नाहीये गं जड. बंदूक जड झालीय. मेंढा बघायला आपण दोघं जाऊ, बंदूक राहू दे घरी.”