साखरेचं माहेर

"जर्मनमधी कायतरी बोलून दाखव की," मुलाची आई, दानम्मा म्हणाल्या.

शिवलीलाला हे ठाऊकच होतं. शाहूपुरीतल्या क्लासमध्ये ती जर्मन शिकवते म्हटलं, की बघायला आलेली सगळी मंडळी हेच सांगायची. ती 'गुटन टाग' म्हणायची, मंडळी हसायची, पोहे संपायचे आणि पुढं कधीतरी शेजारच्या एसटीडीवर निरोप यायचा, विचार करून कळवतो. त्यानंतर काहीच कळायचं नाही. तिला या सगळ्याचा शीण आला होता. आज जो कुणी येईल त्याला होकार द्यायचा, असं तिनं सकाळीच ठरवून टाकलं होतं. निदान वडिलांची, आप्पांची पायपीट तरी थांबेल.

"काय बोलू?"

"ह्येला काय म्हनत्यात?" दानम्मांनी चहात आणखी एक चमचा साखर ढवळत विचारलं.

"त्सुकर."

आणि मग तिच्यातली मास्तरीण जागी झाली, तोंड काही थांबेना. फ्रेंच लोक स्यूक्र म्हणतात, इटलीत त्सुक्केरो, स्पेनमध्ये असूकार. त्या सगळ्यांनी हा शब्द अरबांकडून उचलला, अरबांनी इराणातून आणि इराणनं आपल्याकडून. आपली शर्करा. "आणि शर्करा म्हणजे मुळात खडी. वाळूतले बारीक खडे. गोडाचा त्यात काही संबंधच नव्हता."

"म्हंजे तिचं म्हायेर हितलंच की!" दानम्मा खूश झाल्या. हातकणंगल्याच्या या बाई दिसायला करारी, पण हसल्या की बऱ्या वाटत होत्या.

"त्याच्याही आधी ग्रीकांनी नेला होता. ते साक्खारोन म्हणायचे."

"सॅकरिन त्यातलंच?"

हे संगमेशनं विचारलं. आल्यापासून नवरा मुलगा पहिल्यांदाच बोलला होता. ती 'व्हय' म्हणाली, तेवढ्यात दानम्मांनी त्याच्याकडं असं बघितलं, की तो पुन्हा खाली मान घालून बसला. त्याच्या कपातल्या चहावर साय धरली होती. एक घोटसुद्धा घेतला नव्हता त्यानं.

सॅकरिन या घराला नवीन नव्हतं. आप्पांना पन्नाशीत मधुमेह निघाला, तेव्हापासून साखरेऐवजी चहात टाकायच्या त्या गोळ्यांची चपटी डबी त्यांच्या सदऱ्याच्या खिशातच असायची.

"पोरगी पसंत हाय आमाला," दानम्मा म्हणाल्या. "आना साखर."

आप्पांचा विश्वासच बसेना. गुळाच्या अडतीवर हमालांवर डाफरणारे आप्पा साखरेची वाटी आणताना उंबऱ्याला ठेचकाळले. ठरलं की तिथल्या तिथं सगळ्यांच्या हातावर साखर ठेवायची, अशी रीत. दानम्मांनी हात पुढं केला, शिवलीलानं केला. संगमेशनं मूठ उघडलीच नाही.

"चिमूटभर तर हाय, घे," दानम्मा दबक्या आवाजात म्हणाल्या.

"प्रश्न चिमटीचा न्हाय, आव्वा. दमलो मी आता." तो आप्पांकडं वळला. "मामा, मला डायबेटिस हाय. शाळंत असल्यापासनं. रोज इंजेक्शन घ्यावं लागतंय. आदी खरं सांगायचो, तर मानसं उठून जायची. म्हनून आव्वानं ह्या टायमाला गप बसायला लावलं."

दानम्मांचे डोळे भरून आले. "आई हाय ओ मी," एवढंच त्या म्हणाल्या.

आप्पांनी वाटी खाली ठेवली. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"आमी विचार करून कळवतो," ते म्हणाले.

संगमेशनं मान हलवली. रुसला नाही, विनवलं नाही. दाराशी आपल्या चपला कुठं आहेत, तेवढं त्यानं बघून घेतलं. ती मान शिवलीलाच्या चांगलीच ओळखीची होती. याच खोलीत तिनं कितीदा तरी तशीच हलवली होती. तिला गलबलून आलं. सकाळचा होकार आप्पांपायी होता. आता मात्र तिला स्वतःलाच वाटलं, हा माणूस असा उठून जाऊ नये.

तिनं हातातली साखर वाटीत परत टाकली.

"आप्पा, डबी द्या."

"कसली डबी?"

"खिशातली."

आप्पांनी डबी काढून दिली. तिनं ती उघडून एक गोळी संगमेशपुढं धरली. यावेळी त्यानं मूठ उघडली. गोळी जिभेवर ठेवली आणि त्याचं तोंड वाकडं झालं.

"नुसती खाल्ली की कडू लागती," तो म्हणाला.

"म्हाईत हाय," शिवलीला म्हणाली आणि दुसरी गोळी तिनं स्वतःच्या तळहातावर घेतली.