चौदाव्या गाण्यानंतर

सव्वीस गाण्यांचा रॅप अल्बम, विषय श्रद्धा आणि संघर्ष. समीक्षक ताईला पहिल्या गाण्यापासूनच संशय आला. परीक्षेलासुद्धा हात न जोडणारा तिचा धाकटा भाऊ दर कडव्याला देवाचे आभार मानत होता. वर म्हणत होता, "ताई, चौदापर्यंत ऐक, पुढे तेच तेच आहे." स्वतःच्या गाण्यांना नावं ठेवणारा कलाकार तिने पाहिला नव्हता. ती नेटाने ऐकत राहिली. एकोणिसावं लागताच भाऊ कुंडीला पाणी घालायला उठला. फुलं प्लास्टिकची होती. हेडफोनमध्ये तो रडकुंडीला आला होता: "देवा, ताईचं कासव पळून गेलं नव्हतं, मीच ते देऊन हा माइक घेतला." पंधरा वर्षं ती कासवासाठी दारात पाण्याची बशी ठेवत होती. "फार लांबलाय," ती म्हणाली. "पंचवीस गाणी उडव." "ठेवू कुठलं?" तिने दारातली बशी आणून त्याच्यापुढे ठेवली.