दुसरी सुई

शाळेची बस चालवणारा तो तगडा गडी दाढ काढून घ्यायला आला, तेव्हा दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आधी सगळी चौकशी केली. हृदयाचा त्रास आहे, गोळ्या चालू आहेत हे कळल्यावर त्यांनी दाढ बधिर करायचं इंजेक्शन मोजूनमापून, अगदी सावकाश दिलं.

थोड्या वेळाने त्याचा ओठ जड झाला, बोलणं बोबडं झालं. तरी बाईंनी चिमटा हातात घेताच त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. त्यांनी टोकदार सळईने हिरडी टोचून पाहिली.

"दुखतंय?"

त्याने नाही म्हणून मान हलवली. पाणी मात्र खळेना.

"आणखी एक सुई भरू का?" मदतनीस मुलीने विचारलं.

"नको. यांच्या हृदयाला झेपायला हवं. अंदाजपंचे औषध वाढवलं तर जिवावर बेतायचं." बाईंनी चिमटा खाली ठेवला, खुर्ची सरळ केली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "दादा, उगाच सोसू नका. दुखत असेल तर आज दाढ राहू दे."

त्याने गळ्यातल्या कागदी रुमालाने डोळे पुसले. बधिर ओठांतून शब्द वाकडेतिकडे आले.



"दुखत नाही हो, बाई. बायको वारल्याला महिना झाला, घरी दोन्ही लेकी माझ्याच तोंडाकडे बघत असतात. म्हटलं, इथे रडलो तर दाढेसाठी रडतोय असंच वाटेल सगळ्यांना."