लेट

थोरली मुलगी लुयांडो सातवीत होती, त्या वर्षीच्या जुलैत एका बुधवारी सकाळी मिझिंगा साखर कारखान्याच्या ऑफिसात साहेबासमोर उभी होती. साहेबाला परदेशातून येऊन तीन आठवडे झाले होते. तिथली टोंगा भाषा त्याला अजिबात कळत नव्हती. दुभाष्याचं काम करणारा कारकून चिलाला वजनकाट्यावर गेला होता आणि दहाशिवाय परतणार नव्हता.

तेवढं थांबणं परवडणारं नव्हतं. हजेरीचा पट नऊला बंद व्हायचा. गाळपाच्या दिवसांत न कळवता खाडा झाला की दुसऱ्या दिवशी नाव जायचं, आणि नावाबरोबर कारखान्याने दिलेली खोलीही. घरच्या माणसाने येऊन नीट कारण सांगितलं, तर वर्षअखेरीपर्यंत खोली राहायची. लुयांडोची परीक्षा नोव्हेंबरात होती.

मिझिंगाकडे चारशे इंग्रजी शब्द होते. दर रविवारी चर्चच्या मागे मुन्साका मास्तर बायकांना शिकवायचे. दुकानात लागणारे शब्द, दवाखान्यातले, साहेबाशी बोलायचे. चाळीतल्या बायका चिडवायच्या, "काय गं लुयांडोच्या आई, इंग्रजीत ढवळला की मक्याचा न्शिमा जास्त होतो का?" ती हसायची आणि वहीत आणखी पाच शब्द उतरवायची.

"गुड मॉर्निंग, सर," ती म्हणाली. "माझा नवरा लेट आहे. हामवीम्बा. उसाला पाणी देतो तो."

साहेबाने घड्याळ बघितलं. "किती लेट?"

"काल पहाटेपासून, सर."

साहेबाला हसू आलं. "काल पहाटेपासून! आजारी आहे का?"

हा शब्द तिला पक्का येत होता. "होता, सर. आता नाही."

"मग आहे कुठे?"

"घरी. विश्रांती घेतोय."

"म्हणजे झोपलाय?"

"हो, सर. झोपलाय."

"आणि कामावर कधी येणार?"

मिझिंगा त्याच्याकडे बघतच राहिली. असं कुणी विचारतं का? पण दूरचा माणूस, त्यांच्यात रीत असेल. ती हळूच म्हणाली, "तो आता येणार नाही, सर."

"निदान खोटं तरी बोलत नाहीस," साहेब म्हणाला. त्याने पट पुढे ओढला आणि लाल पेनाने काहीतरी केलं.

नोंद झाली, असं तिला वाटलं. निघताना आभार मानायचे, हे मास्तरांनी पहिल्याच रविवारी शिकवलं होतं. "थँक यू, सर," ती म्हणाली. फाटकाबाहेर जावा तिची वाट बघत थांबल्या होत्या. "सगळं सांगता आलं," तिने त्यांना सांगितलं. मग ती रस्त्याकडेला बसली आणि मोठ्याने रडू लागली.

चिलाला दहाला आला. पट उघडा होता.

"साहेब, हामवीम्बाच्या नावावर रेघ कशी?"

"काल पहाटेपासून लेट आहे. घरी झोपलाय. बायकोच सांगून गेली."

चिलाला उभा होता तो खुर्चीत बसला. साहेबासमोर तो कधी बसत नसे.

"साहेब, डेड कोंबडी होते. टॉर्चचा सेल होतो. माणसाला आमच्याकडे कुणी तसं म्हणत नाही. माणूस लेट होतो."

साहेबाने पट पुन्हा जवळ ओढला. मग म्हणाला, "पण ती रडली नाही."

"रडली असती तर शब्द विसरली असती."

पटाची नक्कल नऊलाच फॅक्सने लुसाकाच्या मुख्य ऑफिसात पोचली होती. साहेबाने फोन केला, दुपारी पुन्हा केला, पत्रही लिहिलं. शुक्रवारी उत्तर आलं. कामावरून काढलेल्या माणसाचा मृत्यू कारखान्याला नोंदवता येत नाही, आणि खोलीसाठी दुसऱ्या कामगाराचं नाव लागलं आहे. मिझिंगाने ते पत्र स्वतः वाचलं. त्यातले दोनच शब्द तिला अडले.

शनिवारी तिने मुलींना घेऊन खोली सोडली.

हामवीम्बा मंगळवारी, बारा जुलैला, पहाटे वारला.