निर्माल्याची पिशवी

"तुळस आहे म्हणून सांगू नका, वहिनी. मीही नागपूरचाच आहे." मिलिंद खानखोजेने गॅलरीतल्या कुंडीकडे बोट दाखवलं.

"तुळस कोण म्हणालं? भांग आहे," रजनी म्हणाली. "लपवायला मी काय चोर आहे?"

दरोग्याने, म्हणजे इथल्या फौजदाराने, वाकून एक पान चुरगळलं आणि नाकाशी नेलं. त्याच्यासोबत एक महिला शिपाई होती. शेजारच्या मिलिंदनेच फोन करून दोघांना बोलावून घेतलं होतं. उत्तरेतल्या त्या हिंदी शहरात, नेहरू नगरातल्या त्या दोन खोल्यांत एवढी माणसं बऱ्याच दिवसांनी आली होती. आतल्या खोलीत रजनीचा नवरा, श्यामराव, अंथरुणाला खिळलेला. कॅन्सर हाडांत उतरला होता. दुपारची गोळी देऊन तासच झाला होता, तरी दारातून कण्हणं ऐकू येत होतं.

"अम्मा, ये पौधा लगाना जुर्म है. मालूम है?"

"पत्ती जुर्म नहीं है. पत्ती तो सरकारी ठेके की दुकान पर बिकती है, बाहर बोर्ड लगा है." तिने फळीवरची वैद्यांची चिठ्ठी त्याच्यापुढे धरली. "इनके दर्द के लिए लिखी है. पढ़ लो."

"पत्ती चलती है. पेड़ नहीं चलता."

"पेड़ के बिना पत्ती कहाँ से आती है? आसमान से?"

शिपाई बाईला हसू आलं. दरोग्याने तिच्याकडे पाहिलं, तशी ती कुंडीकडे बघू लागली.

"तो ठेके से लो."

"लेती थी. लाइन में छोकरे पूछते हैं, अम्मा, कितनी चढ़ाती हो? और पुड़िया में आधी मिट्टी." त्याच पुडीत सापडलेलं बी तिने कुंडीत टोचलं होतं. रात्री गोळी हरायची, तेव्हा चमचाभर वाटलेली पत्ती दुधातून दिली की श्यामरावांचा तीन तास डोळा लागायचा. त्या तीन तासांसाठी ती कुणाशीही भांडायला तयार होती.

दरोगा कंटाळला. एक झाड, एक म्हातारी. "उखाड़ के ले जाता हूँ. दुबारा मत लगाना," म्हणत तो उठला.

"साहब, फूल तो पूछिए," मिलिंद म्हणाला. "गांजा फूल का होता है. दो महीने से रोज़ इनकी गॅलरी में देख रहा हूँ. सुबह फूल आता है, दोपहर तक गायब. जाता कहाँ है?" मग रजनीकडे वळून मराठीत म्हणाला, "माझी नात अभ्यासाला येते इथं. तिच्या डोळ्यांसमोर हे धंदे?"

"धंदे?" रजनीचा आवाज चढला. "अहो, फूल मी झाडावर ठेवतच नाही! कायदा तुमच्यापेक्षा मला जास्त ठाऊक आहे."

इथं तिने गप्प बसायला हवं होतं. पण तिला स्वतःच्या चोख कारभाराचा अभिमान होता. वैद्यांनी बजावलं होतं, पत्ती औषध, फूल गुन्हा. म्हणून रोज आंघोळ झाल्यावर ती तुळशीच्या मंजिऱ्या खुडाव्यात तशी त्या झाडाचे तुरे खुडायची. महादेवाचं झाड, तुरे कचऱ्यात कसे टाकायचे? मग ते पिंडीवर वाहायची आणि दुसऱ्या दिवशी निर्माल्यात ठेवायची. नवऱ्याला टाकून तलावावर जाणं काही होत नव्हतं, त्यामुळे निर्माल्य साठत गेलं होतं.

ती तरातरा देवघरापाशी गेली आणि कापडी पिशवी आणून दरोग्यापुढे ठेवली.

"देखो. एक भी फूल फेंका नहीं, बेचा नहीं. सब भगवान का."

दरोगा पुन्हा खाली बसला.

शिपाई बाईने वर्तमानपत्र पसरलं. "पहले चप्पल उतारो, निर्माल्य है," रजनी ओरडली. बाईने चप्पल काढली. मग झेंडू एकीकडे, बेल एकीकडे, आणि भस्माने माखलेले वाळके तुरे तिसरीकडे, असे तीन ढीग झाले. तिसरा ढीग दरोग्याने सोबत आणलेल्या काट्यावर टाकला. चारशे दहा ग्रॅम. त्याने कुंडीतलं झाड उपटलं, पंचनामा लिहिला आणि मिलिंदने पंच म्हणून खाली सही केली, पूर्ण नाव, वळणदार अक्षरात.

रजनीला आता कुठे उमगलं. तिने उपटलेल्या झाडाचं खोड घट्ट धरलं.

"पत्ती तो छोड़ दो. रात को क्या दूँगी उनको?"

"अब ये पत्ती नहीं है, अम्मा. सबूत है." त्याने तिची बोटं सोडवली. "कल ग्यारह बजे थाने. वकील लेके आना."

"मी फक्त माझं कर्तव्य केलं, वहिनी," जाता जाता मिलिंद म्हणाला.

तिने दार लावून घेतलं आणि आत गेली. श्यामरावांची कॉट खिडकीशी होती. कळ आली की आजूबाजूच्यांना त्रास नको म्हणून ते टॉवेलची घडी दातांत धरत. आत्ताही धरली होती.

रजनीने पदर खोचला आणि कॉटला खांदा लावला. लोखंडी पाय फरशीवर करकरले. श्यामरावांनी डोळे गच्च मिटले. ती थांबली नाही. कॉट समोरच्या भिंतीला टेकली तेव्हाच तिने खांदा काढला. त्या भिंतीपलीकडे मिलिंदची झोपायची खोली होती.

तिने वाकून त्यांच्या दातांतली घडी हलकेच काढून घेतली.

"आता ओरडा," ती म्हणाली. "पोटभर ओरडा."