तिरक्या रेघा

मेमो आलाच नव्हता. मामांनी टेबल पाहिलं, खण पाहिला, खुर्चीखाली वाकूनही पाहिलं. मग ते आणखीनच बावचळले.

काल संध्याकाळच्या उद्योगाबद्दल मेमो यायलाच हवा होता. बदलीचा चौथा अर्ज परत आला होता. बायको सहा वर्षं तिच्या गावातल्या शाळेत शिकवत होती, मामा इथे रेकॉर्डरूममध्ये. गावच्या शाखेत जागाही रिकामी होती. पण साहेबांचा शेरा दर वेळी तोच : 'हे गेल्यास फाइली कोण शोधणार?'

तेही खरंच. लोक फाइल नेत नंबर पाहून, परत ठेवत फट पाहून. मग दिवसभर "मामा, बावीस कुठाय?", "मामा, एकशे सहा गेली कुठं?" कुठली फाइल कुठे घुसून बसलीय, ते एकट्या मामांच्या डोक्यात. आठवडाभर खपून काल सगळ्या फाइली नंबराने लावून झाल्या, तेवढ्यात अर्ज परत आला आणि ते डोकंच फिरलं. मामांनी काळा मार्कर उचलला आणि फाइलींच्या पाठींवरून, कप्प्याच्या वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत, सर्रकन तिरकी रेघ ओढली. राग उरला, म्हणून बाकीच्या चार कप्प्यांवरही ओढली.

आज अकरा वाजले तरी एक हाक नाही. लोकांनी बोलायचंच टाकलं की काय? मामा रॅकपाशी गेले. आस्थापनेच्या बाई फाइल ठेवत होत्या. ठेवली. सलग रेघेत मध्येच तुटका तुकडा दिसला. बाईंनी जीभ चावली, फाइल उपसली, चार फाइली सोडून खोचली. रेघ जुळली.

"काय डोकं चालवलंत मामा! आता चुकायचं म्हटलं तरी सोय नाही."

हा टोमणा की कौतुक? मामांना उलगडेना. ते नुसतेच हसले.

तिसऱ्या दिवशी खुद्द साहेब आले. "ही कल्पना तुमची?"

"साहेब, जरा रागाच्या भरात..."

"मग अधूनमधून रागवत जा. सगळ्या शाखांना पत्र काढतोय, अशाच रेघा मारा म्हणून. आणि तो तुमचा अर्ज आणा."

साहेबांनी जुना शेरा खोडला, खाली 'मंजूर' लिहिलं आणि गेले.  मामांनी कागद हातात धरूनच घरी फोन लावला.

"अगं, झाली बदली! आता इथं माझ्यावाचून कुणाचं काही अडत नाही!"

 

"अहो, तसं इथंही अडत नाही आता," बायको म्हणाली. "सहा वर्षं झाली. तरी या."