खरा उशीर

"अर्धा तास उशीर" असं दर अर्ध्या तासाने सांगायचं, ही विमानतळावरची जुनी रीत. आज मात्र शर्वरीने माइकवर खरं सांगून टाकलं, "विमान अजून नागपुरात दुरुस्तीला उभं आहे. इथे यायला चार तास लागतील. निवांत जेवून घ्या."

साहेब केबिनमधून धावत आले. "अहो, काय केलंत हे? लोक आता अंगावर येतील!"

पण लोकांनी घरी फोन केले, डबे उघडले. कोपऱ्यात पत्त्यांचा डाव रंगला, एका आजोबांनी चक्क घोरायला सुरुवात केली.

विमान आलं तेव्हा पत्ते खेळणाऱ्या एका काकूंनी तक्रारवही मागितली. शर्वरीने ती पुढे सरकवली. काकू गेल्यावर साहेबांनी धीर करून वही उघडली आणि खो खो हसत तिच्यापुढे धरली.

"चार तास सांगून विमान दहा मिनिटं आधीच आणलं. आमचा डाव अर्धाच राहिला!"